आप्पा, गजर मीच बंद केला

आप्पा,

पहाटेचा तुमचा गजर मीच बंद करून ठेवला होता. खुशाल चिडा, पण आधी खाऊन घ्या. न्याहारी झाकून ठेवलीय, गोळ्या शेजारीच आहेत.

सत्तरी झाली की उपास माफ, हा आपला बहाई नियम तुम्हीच मला शिकवलात, पंधराव्या वर्षी, माझ्या पहिल्या उपासाला. आता सत्तरी तुमची झाली, तर नियम कसा नकोसा झाला? गेल्या वर्षी उपासात चक्कर येऊन जिन्यात पडलात आणि डॉक्टरांना म्हणालात, "पाय घसरला." तेव्हा मी गप्प बसले. यंदा नाही बसणार.

आज सूर्य उगवायच्या आत एकटीच जेवले. समोरची खुर्ची रिकामी.

सूर्यास्ताला मंडळी उपास सोडायला आपल्याकडे येतील. प्रार्थना तुम्हीच म्हणायची आहे, तेव्हा अंगात त्राण ठेवा.

उद्या मात्र गजर लावा. आज मला धास्तीनेच जाग आली, रोज येणार नाही. नेहमीसारखं दार वाजवून उठवा आणि माझं खाणं होईपर्यंत समोर बसा. तेवढं माफ नाही.

पहिल्या पाळीला निघाले.

— बबी