शीबान गल्लीत माणसे राहतात, याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
नान्शी नगरविभाग कार्यालय, छोंगछिंग.

विषय : शीबान गल्लीची वीज शुक्रवारी न तोडण्याबाबत.
संदर्भ : आपली पुस्तिका ‘नान्शी विभाग : एक दृष्टिक्षेप’, वस्त्यांचे प्रकरण.

महोदय,

मी, तान ग्वेइचन, शीबान गल्लीत वाफवलेल्या पावांचे दुकान चालवते. शाळा फारशी झाली नाही, अक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून शिकले. चुकले तर सांभाळून घ्यावे.

१. पुस्तिका देखणी आहे. आपल्या विभागात दोन नद्या, डोंगर पोखरून जाणारी मेट्रो आणि एवढी झाडी आहे, हे इथे जन्म काढूनही मला ठाऊक नव्हते. मात्र आमच्या गल्लीपुढे ‘निर्मनुष्य’ असे छापले आहे. त्यावरून वीज कार्यालयाने शुक्रवारी तारा काढण्याची नोटीस लावली आहे.

२. चूक कशी झाली ते सांगते. नव्या वर्षाला दारावर चिकटवतात तो शुभेच्छांचा लाल कागद एकाही घरावर दिसला नाही, म्हणून पुस्तिकेच्या पाहणीवाल्यांनी घरे रिकामी धरली. पण थंडीत आमच्या गल्लीतल्या ख्वांग आजी वारल्या होत्या. मूलबाळ नव्हते. सुतक धरणार कोण? म्हणून सगळ्या गल्लीनेच धरले आणि दारे कोरी ठेवली. पाहणीवाले आले त्या दिवशी आम्ही दुकाने बंद करून आजींच्याच थडग्यावर गेलो होतो.

३. हे सांगायला मी आपल्या कार्यालयात आले होते. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “मावशी, पुस्तकात तर तिथं कुणीच राहत नाही.” मी म्हटले, “मग आत्ता बोलताय कुणाशी?” ते म्हणाले, “तोच घोळ आहे ना. अर्ज कुणाच्या नावानं घेऊ?” रांग हसली. मीही हसले. अर्ज तसाच घेऊन घरी आले.

महोदय, माझे यजमान फंग शोउली यांनी मेट्रोच्या बोगद्यात दगड फोडले. ती धूळ त्यांच्या फुप्फुसांत बसली आहे. प्राणवायूचे यंत्र विजेवर चालते. परवा फ्यूज उडाला तेव्हा त्यांची नखे निळी पडली. मी पंख्याने वारा घालत बसले. त्याचा उपयोग नाही, हे मला ठाऊक होते. वीज आल्यावर ते म्हणाले, “पुरे गं, हात दुखतील तुझे.” नोटीस त्यांना दाखवलेली नाही. मी लेकीला पत्र लिहिते आहे, असे त्यांना वाटते.

तरी शुक्रवारपूर्वी एक माणूस पाठवून आम्ही आहोत एवढे बघून जावे, ही विनंती. पावांच्या दुकानामागचे दार आमचे. यंत्राची घरघर मोठी असते, त्यामुळे हाक ऐकू येत नाही (पाहणीवाल्यांचीही घरात असलेल्या यजमानांना ऐकू गेली नव्हती), जोरात ठोठावावे. आणि घरघर ऐकू आली नाही, तर ठोठावत थांबू नये. दार तोडावे.

आपल्याच विभागात राहणारी,
तान ग्वेइचन
बुधवार, १४ मे

सोबत : डॉक्टरांचा दाखला. गल्लीतल्या सर्वांच्या अंगठ्याचे ठसे.