खालची कवळी

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खात्याने माझं तोंड अर्धवट सोडलं आहे. सरकारी दंत दवाखान्यातून वरची कवळी मिळाली. खालच्या उरलेल्या दाढा त्यांनीच काढल्या आणि हिरडी भरून आली की खालची कवळी देऊ म्हणाले. हिरडी भरली. काल गेले, तर खिडकीला कागद चिकटवलेला, की खर्चकपातीमुळे कवळ्या बंद. डॉक्टरीणबाईच रडकुंडीला आली होती. म्हणाली, दात काढायला पैसे आहेत, बसवायला नाहीत.

जेवणाचं मी भागवते, सगळं भिजवून खाते. पण अंध मुलांच्या शाळेत मी दुपारी गोष्टी वाचते ना, तिथे पंचाईत झाली. वरची कवळी एकटी टिकत नाही, शब्द धड निघत नाहीत. त्या मुलांना चित्रं नाहीत, माझे शब्द हेच सगळं. गेल्या आठवड्यात एकीने विचारलं, की बाई, तुम्ही आजारी आहात का. पुस्तक मिटून घरी आले, ती परत गेलेच नाही. तू हेड ऑफिसात बसतोस. नुसता बसू नकोस.

कळावे. लोभ आहेच, दात नाहीत.
तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तुझी भावजय माझ्याशी तुटक बोलते आहे. ताई, हुकूम आमच्याच टेबलावरून निघाला, पण ठरवणारे वरचे. साहेब म्हणतात, दातांवाचून कोणी मरत नाही. पुढच्या वर्षी बघू. माझी निवृत्ती जवळ आली आहे, आत्ता कुणाच्या डोळ्यांवर यायची माझी हिंमत नाही. तोवर मऊ खात जा.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आज जरा कमी.

स्वतःचे दात शाबूत असले की असं म्हणायला काय जातं? चावता येत नाही म्हणून मी सगळं गिळते, पण हे गिळणार नाही. लहानपणी तू बोबडा होतास. पोरं चिडवायची, तेव्हा तुझं म्हणणं सगळ्यांना मीच सांगायचे. आता पाळी तुझी.

सोबत चष्म्याच्या डबीत वरची कवळी पाठवते आहे. साहेबांपुढे ठेव. घाबरू नकोस, धुतलेली आहे.

उत्तर येईपर्यंत लोभ राखून ठेवते.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबी बरेच दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर उघडला की तू बघते आहेस असं वाटायचं. सोमवारी खर्चाची बैठक झाली. पुढच्या वर्षीही कवळ्या नकोत, असं ठरत आलं होतं. माझं काम फक्त टिपणं घ्यायचं. मी उठलो आणि डबी उघडून साहेबांसमोर ठेवली. म्हटलं, माझ्या मोठ्या बहिणीची आहे. साहेब डबीवर वाकले. मग म्हणाले, अहो, पण ही नुसती वरची आहे, खालची कुठे आहे? मी म्हटलं, साहेब, तेच विचारायला तिने ती पाठवली आहे.

कोणी हसलं नाही. ठराव पुढे ढकलला आहे, रद्द झालेला नाही. डबी अजून त्यांच्याच टेबलावर आहे. शिपाई तिच्या आजूबाजूची धूळ पुसतो, तिला हात लावत नाही. माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. मी एवढंच लिहिलं, की बहिणीला बोलता येत नाही, म्हणून मी बोललो.

शनिवारी येतो. पुस्तक काढून ठेव. खालची मिळेपर्यंत मुलांना मी वाचून दाखवीन, तू शेजारी बस आणि अडखळलो तर कान पकड.

राखून ठेवलेला लोभ तेव्हा दे.
तुझा धाकटा