टोल्याचा वाफा

राजेगाव, ता. ६-११-६८

चि. साधनास गोदाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सारे बरे. धान कापनीले आला. तुह्यं पत्र नाई म्हनून मीच लिहून राह्यली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसू नको.

तू शाळेच्या पडवीत दर शुक्रवारी बायाइले हिशेब शिकवून गेली आन् इथल्या बाया मले जगू देईनात. शेवंताबाईनं बाजारात तेलवाल्याले विचारलं, अर्धी शिशी घेतली त भाव जास्त काहून पडते. दहा गिऱ्हाईकाइसमोर विचारलं. तो म्हने मावशी, तेल घ्या नाई त माह्या जागेवर बसा. ती खरंच बसली.

पन एक गोष्ट मले पटली नाई. पाटाच्या पलीकडचा टोला, ती लहानशी वस्ती, अर्ध्या कोसावर. तिथं तू गेली, बायाइले काय येते काय नाई ते विचारलं, लिहून घेतलं आन् निघून आली. शिकवलं काईच नाई. दुर्गाबाई पान्यावर भेटली. म्हने, तुमच्या भाचीनं आम्हाले ताटावर बसवून उठवलं. मले तोंड वर करता येईना. असं काहून केलं ते लिहिजो.

तुह्या बापाचं पत्र होतं. भोजराज म्हनते तुमसरचं ठिकान चांगलं हाय. पोरीचा अभ्यास होळीपर्यंत झाला त झाला, नाई त वैशाखात अक्षता. माह्या भावाचं डोकं तुले माहीत हाय. म्हनून हात चालव.

इथल्या चुलीची ऊब तुह्यासाठी राखून ठेवली हाय, विसरू नको.
तुही गोदाआत्या


नागपूर, ता. १४-११-६८

ती. सौ. आत्याबाईंस साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचे पत्र वसतिगृहात मोठ्याने वाचले. शेवंताबाई तेलवाल्याच्या जागेवर बसल्या तिथे माझी मैत्रीण पुष्पलता हसून हसून खाटेवर पडली.

दुर्गाबाईंचे बोलणे मात्र लागले. आत्याबाई, मी त्यांना मुद्दाम उठवले नाही. तुम्ही परह्याचे, धानाच्या रोपांचे, दोन वाफे करता, एकात खत घालता, एकात घालत नाही, मगच कळते ना की खताने काही झाले की नुसत्या पाण्याने? माझ्या प्रबंधाचा विषय तोच आहे. घर चालवणाऱ्या बाईला पैशाचा व्यवहार शिकवला तर ती खरेच वेगळी वागते का, की शिकवणाऱ्याला उगीच वाटते? तुमचे गाव खताचा वाफा. टोला बिनखताचा. जानेवारीत दोन्हीकडे तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि फरक मांडायचा. बस्स, एवढ्यावर माझी पदवी आहे.

बाबांनी होळी सांगितली आहे तर होळीच्या आत प्रबंध देईन. नंतर नोकरी मिळाली तर तुमसरचे बघता येईल, माझ्या मनाने. हे त्यांना कळवू नका.

दुर्गाबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या चुलीजवळची जागा माझीच राहू द्या.
आपली साधना


नागपूर, ता. २६-१-६९

ती. सौ. आत्याबाईंस सा. न. वि. वि. आम्ही दोघी सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेला चिवडा गोंदियालाच संपला.

आता सरळ विचारते. गावात प्रश्न मी विचारले, टोल्यात पुष्पलताने. टोल्यातली उत्तरे मी काल वाचली. पैसा कुठे ठेवावा या प्रश्नाला टोल्यातली एकेक बाई म्हणते: पोस्टात, आन् नवऱ्याले सांगू नका. एक नाही, दोन नाही, सगळ्या. आत्याबाई, पोस्टाचे मी शिकवले, पण तुमच्या गावात. आणि नवऱ्याचे तर मी कुठेच शिकवले नाही. असे बोलणारी बाई सगळ्या राजेगावात मला एकच माहीत आहे.

हप्त्याच्या प्रश्नालाही सगळ्यांचे उत्तर बरोबर. माझा प्रबंध बघणाऱ्या सरांनी कागद पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. न शिकवलेला टोला शिकवलेल्या गावाच्या बरोबरीने कसा आला, असे त्यांनी विचारले.

रागावलेली नाही. घाबरलेली आहे. काय झाले ते लिहा.
साधना


राजेगाव, ता. १-२-६९

चि. साधनास अ. उ. आशीर्वाद. हौ, मीच शिकवलं. दुसऱ्या कोनावर घालू नको.

तुह्यं वाफ्याचं पत्र आलं तेव्हा वाचून गप बसली होती. पोरीचं काम हाय, आपुन लुडबूड करू नये. मंग एक दिवस जर्मनच्या भांड्याचा फेरीवाला टोल्यात आला. तोच, ज्याले शेवंताबाईनं आपल्या गावातून पिटाळला. भाताचा गंज रोखीनं सहा रुपये, नाई त दर बाजाराले एक रुपया, नऊ बाजार. मी तिथं दुर्गाबाईच्या सुनेले पाह्याले गेलती, ती बाळंतीन हाय. माह्या डोळ्यासमोर दुर्गाबाईनं पहिला रुपया कमरेतून काढला. आता सांग, मी काय करू? तुह्या वाफ्याले खत लागू नये म्हनून तोंडात पदर कोंबू?

मी म्हनलं, "थांब वो बाई, आधी मोज."

तिनं मोजलं. भांडेवाला मले शिव्या देत गेला. मंग बाकीच्या बाया जमा झाल्या, आन् एक बसली की सगळ्या बसतात. पुढं तीन-चार डाव गेली. तू जे सांगतलं तेच सांगतलं. नवऱ्याचं तेवढं माह्या पदरचं. ते बी खोटं नाई, शांताबाईचा साठवलेला पैसा नवऱ्यानं कसा उडवला ते तुले माहीत हाय.

तू जानेवारीत आली तेव्हा बोलली नाई, कारन मले वाटलं टोल्यातल्या बायाइलेबी येते हे पाहून तू खूश होशील. तुह्यं नाव झालं असं मी समजली. तुही आत्या मूर्ख हाय, लिहून ठेव. पन एक आईक. वाफ्याले तोंड नसते, साधना. दुर्गाबाईले हाय.

आता तुह्या कामाचं किती बिघडलं ते खरं सांग. लपवू नको. मले जेवन जाईना.
गोदा


नागपूर, ता. ९-२-६९

ती. सौ. आत्याबाईंस सा. न. वि. वि. आधी जेवा.

तुमचे पत्र मी सरांना दाखवले. तुम्हाला न विचारता, त्याबद्दल माफी. वाफ्याला तोंड नसते हे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, दोन वाटा आहेत. टोल्याचे कागद गाळून नुसत्या गावाचे लिहायचे. होळीपर्यंत होईल, पदवीही मिळेल, पण त्याला अर्थ उरणार नाही, कारण तुलना करायला काही नाही. किंवा जे घडले ते जसेच्या तसे लिहायचे, नवी दोन गावे शोधायची, एक शिकवायला, एक तसेच ठेवायला, आणि पुन्हा मोजायचे. त्याला दिवाळी येईल.

रात्रभर पहिल्या वाटेचाच विचार करत होते, हे तुमच्यापासून लपवत नाही. होळी समोर आहे आणि बाबा आहेत. पण ज्या बायांना मी खरा हिशेब मांडायला शिकवले त्यांच्याबद्दल मीच खोटा मांडू? सकाळी सरांना दुसरी वाट सांगून आले.

बाबांना अजून लिहिले नाही. दिवाळीचे नाव काढले की काय उत्तर येईल ते मला पाठ आहे. तुम्ही यात पडू नका, तुमचे आणि त्यांचे संबंध बिघडतील. माझ्यावर जीव आहे तेवढा पुरे.
आपली साधना


कटंगी, ता. १७-२-६९

चि. साधनास अ. उ. आशीर्वाद. पत्रावरचं गाव पाहून घाबरू नको. मी तुह्या बापाच्या घरूनच लिहून राह्यली. पडू नका म्हनलं म्हनून पडली.

बालाघाटवरून बस बदलून संध्याकाळी पोचली. भोजराजनं पाय धुवाले पानी देल्याबरोबर सांगून टाकलं की पोरीचं काम मी बिघडवलं. शिक्षा द्याची त मले दे, वैशाखात मलेच उजव. तो हसला नाई. म्हने तुमसरवाले दिवाळीपर्यंत थांबनार नाईत. मी म्हनलं, सहा-आठ महिन्याचा धीर नाई त्याइले पोरगी जन्माची काहून देतं? मंग तो उठून बाहेर गेला. मले वाटलं झालं, संपलं.

त्याच्या खोलीत नवा रेडिओ हाय, तुले माहीत हाय का? वहिनीनं, तुह्या मायनं, कौतुकानं लावला. हप्त्यानं घेतला म्हने. मी सहज विचारलं, साऱ्या हप्त्याइचे मिळून किती होतात? वहिनी म्हने हे त ह्याइलेच माहीत. आन् भोजराज दारात उभा होता, त्यालेबी माहीत नोहतं. वहिनीनंच तिथं बोटावर मांडलं. मांडून झाल्यावर तिनं रेडिओ बंद केला. मी एक शब्द बोलली नाई, आईची आन.

सकाळी चहा पिताना तुह्या बापानं आपल्या मनानं सांगतलं. दिवाळी म्हंजे दिवाळी, पुढं एक दिवस नाई. तुमसरले पत्र तोच टाकनार हाय. ते थांबले त थांबले, नाई थांबले त त्याइची मर्जी. एवढं घे. याच्यावर मी त्याले तानलं नाई.

दुर्गाबाईनं त्याच भांडेवाल्याकडून गंज घेतला, रोखीनं. नवऱ्यानं विचारलं कुठून आला. म्हने साधनाबाईच्या परीक्षेत बक्षीस भेटला. हे बी तुह्या पुस्तकात लिही.

दुसरं बिनखताचं गाव मी शोधलं. लांजीकडे हाय, माह्या ओळखीचं तिथं कुत्रंबी नाई, म्हनून माह्या तोंडाची भीती नको. शिकवाचं गाव तू पाह्य. पन एक अट हाय. तुह्यं मोजून झालं की त्या बायाइलेबी बसवाचं आन् सारं शिकवाचं, एकबी शुक्रवार न गाळता. ताटावर बसवून आता कोनाले उठवाचं नाई. हे वचन तुह्या अक्षरात पायजे.

तुह्यासाठी भांडाले अजून दम हाय, तो वाया जाऊ देऊ नको.
तुही गोदाआत्या

ता. क. गावाचं नाव मुद्दाम लिहिलं नाई. वचन आलं की लिहीन.