पहिल्या फेरीचा वेग

ता. ६

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

लेका, जिंकलास! खाणीजवळच्या वळणावर इंजिन बाहेरच्या रुळाला धक्के देतं, असं तू वर्षभर कानीकपाळी ओरडत होतास. शेवटी तुझ्या साहेबांनी मोजणी मागितली. तुला खोटं पाडायलाच मागितली म्हणे, असू दे. मोजणीचा डबा घेऊन मीच येतेय आणि गाडी चालवायची तू. फेरी एकच मंजूर आहे.

इंजिनाच्या चाकांवर नखाएवढ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. चाकाने रुळाला किती रेटलं, ते पट्टीच्या ताणावरून मला डब्यात बसून कळतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, पोरगी वेळेवर जेवते.

तुझी,
ताई

ता. १५

ती. ताईस सा. न.

नीट पोचलीस ना? त्या दिवशीचं काय सांगू! मागे तू, तुझी ती नाजूक यंत्रं आणि पुढे नेमकं ते वळण! पण पेल्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही, असं तूच उतरल्यावर म्हणालीस. साहेब मात्र तेव्हापासून मिशीत हसताहेत. आता तरी तुमची कुरकुर थांबेल, म्हणाले.

ताई, मला त्या वळणाचा खरंच धसका बसलाय गं. रोज मागे माणसांनी भरलेले डबे असतात. काय आलं ते लवकर कळव. आईचा गुडघा दुखतोय, पण जीभ ठणठणीत आहे.

तुझा,
ढब्बू

ता. १९

चि. ढब्बूस आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

आकडे इतके मवाळ आले की मी कपाळाला हात लावला. मग वेगाची नोंद पाहिली. वळण आलं आणि तू वेग उतरवलास! अरे शहाण्या, चाक रोजच्यासारखं धावलंच नाही, तर रोजचं रेटणं दिसणार कसं? ज्याच्यासाठी वर्षभर भांडलास, त्यावर स्वतःच पाणी ओतलंस.

का, तेही कळलं. मला सायकलवर मागे बसवलंस की खड्डा दिसताच उतरून सायकल हातात धरायचास, तोच तू. रागवायला बसले आणि डोळे भरून आले बघ.

साहेबांच्या नाकदुऱ्या काढून आणखी एक फेरी मिळवलीय. ही शेवटची. या वेळी ते स्वतः डब्यात बसणार आहेत. मागे बहीण नाहीच असं समज आणि रोजच्या वेगाने काढ. मी घट्ट धरून बसेन.

तुझी,
ताई

ता. ३०

ती. ताईस सा. न.

चहा साहेबांच्या पँटवर सांडला, तेव्हाच मला निकाल कळला होता! तू मात्र पांढरीफटक होऊन उतरलीस, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुझा अहवाल पोचला. रेटा मर्यादेच्या बराच बाहेर, म्हणून रूळ दुरुस्त होईपर्यंत वेग कमी.

आज वळणाच्या अलीकडे नवा बोर्ड लागला. आकडा वाचला आणि चमकलोच. पहिल्या फेरीत तुला नेलं होतं, तोच वेग! साहेबांना विचारलं, तर म्हणाले, तुमच्या ताईंनीच लिहिलंय, या वेगाला चाकं शांत असतात हे मोजून झालेलं आहे.

आज मागे सगळे डबे भरलेले होते. त्या सगळ्यांना मी तुला नेलं तसंच नेलं, ताई.

आहे तो लोभ असाच राहू दे.

तुझा,
ढब्बू