माझे सगळे उपास तिकडे झाले

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. आता तुमच्या त्या वयाला मी पोचले आहे, आणि राहते जपानमध्ये. संशोधनाची नोकरी मिळाली, आले, राहिले. टोकियोजवळ उरायासुला घर आहे. हे तुम्हाला कसं सांगावं, ते इतकी वर्षं कळलं नाही.

तुम्ही जपान्यांबद्दल कधी वाईट बोलला नाहीत, चांगलंही नाही. महायुद्धात तुम्ही फौजेत होतात, सिंगापूर पडल्यावर त्यांचे कैदी झालात आणि कुठल्याशा बेटावर तीन वर्षं अळणी रताळी आणि त्यांचा उकडलेला पाला खाऊन जगलात, एवढंच मला आत्याकडून कळलं होतं. एकादशीची एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. आत्या रताळ्याचा कीस परतते आहे आणि तुम्ही पाटावर बसून वरणभात कालवताय.

“अरे, आज तरी! पोस्टमास्तर एकादशीला भात जेवतो, लोक काय म्हणतील?”

“माझे सगळे उपास तिकडे झाले, आक्का. जास्तीचेच झाले. हवे तर दोन-चार तू घे.”

आत्या हसली नाही, मी हसले. मग हातातल्या उकडलेल्या रताळ्याची साल, तिला चिकटलेल्या गरासकट, मोरीत टाकली. तुम्ही जेवणावरून उठलात. “उचल,” एवढंच म्हणालात. मी रडायला लागले, तेव्हा तुम्हीच ती उचललीत, धुतलीत आणि माझ्यासमोर उभ्याने खाल्लीत. तुमच्या तोंडात रताळं गेलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

इथे मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या भागात जमिनीतून चिखल वर आला आणि नळाचं पाणी गेलं. शेजारी एकटे राहणारे एक आजोबा रोज टँकरपुढच्या रांगेत माझाही कॅन घेऊन उभे राहायचे. “तुम्ही लॅबला जा, मला कोण बोलावतंय!” म्हणायचे. पुढच्या महाशिवरात्रीला मी त्यांना वाटीभर कीस नेऊन दिला. त्यांनी वास घेतला आणि वाटी हळूच माझ्याकडे सरकवली.

“रागावू नका हं. युद्धात शाळेचं मैदान खणून आम्ही हेच लावलं आणि हेच खाल्लं, वेलसुद्धा. माझ्या वाट्याचं नवव्या वर्षीच खाऊन झालं.” मग त्यांनी विचारलं, “तुमचे वडील होते का युद्धात?”

“नाही,” मी म्हटलं, “पोस्टात होते.”

पोस्टात होतात, हे खोटं नाही. पण तुमची ती तीन वर्षं मी एका शब्दात पुसली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली असती, आणि ती घ्यायची की नाही हे मी कोण ठरवणार, असं मनाला समजावते. त्या दारात मला पुढेही जायचं होतं, हेही आहेच.

थंडी संपली की ते मुलीकडे राहायला जाणार आहेत, कायमचे. त्याआधी सांगायला हवं. काल तेवढ्यासाठी वरणभात करून नेला. त्यांनी तो चवीने खाल्ला. “तुमचे वडील हेच जेवायचे?” त्यांनी विचारलं. “हो, एकादशीलासुद्धा,” मी म्हणाले. त्यांना एकादशी काय ते कळलं नाही, नुसतेच हसले. सांगायचं ते तसंच ठेवून मी रिकामं भांडं घेऊन घरी आले.

पोस्टमास्तरांची मुलगी असून हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. वहीतच राहील. हिवाळ्यात इथे स्टेशनपाशी भाजलेल्या रताळ्यांची गाडी उभी असते. मला रताळं अजून फार आवडतं, बाबा. भिंतीपलीकडे वास जाईल म्हणून घरी आणत नाही. रस्त्यातच उभ्याने खाते, सालीसकट.