बिनचूक पत्र

विटा, मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

आज सांगलीच्या वसतिगृहातून माझ्या सुमनचं पत्र आलं. इंग्रजीतच, कारण अट माझीच. एकही चूक नाही! फुशारकीनं क्लासात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरची पोरगी शेजारणीला कुजबुजली, "अगं, ह्ये तर सरांच्या नोट्समधलंच पत्र हाय. निस्तं नाव बदललंय."

माझे कान तिखट. हॉटेलात कपबशा विसळताना गिऱ्हाइकांचं ऐकूनच तर इंग्रजी शिकलो. हसून म्हणालो, "व्हय गं, पाठांतर असावं तर असं." सगळी हसली.

घरी येऊन ताडून पाहिलं. वाक्यन् वाक्य माझं. हवा छान आहे, अभ्यास ठीक चालला आहे, आपली आज्ञाधारक कन्या. एकही चूक नाही. पण सुमन कुठंय त्यात?

मग तिचं जूनमधलं पहिलं पत्र काढलं. सतरा चुकांना लाल गोल करून मी ते परत धाडलं होतं. जुलैत दोन दिवसांच्या सुट्टीला आली तेव्हा ते इथंच ठेवून गेली. त्यात लिहिलंय, मेसमध्ये पिठलं वाढलं, तुमच्या हातचं नव्हतं, म्हणून रडू आलं. तिची आई गेल्यापासून पिठलं मीच करतो. त्या एका वाक्यावर माझे तीन गोल. उत्तर मात्र दिलंच नाही.

आत्ता आंतर्देशीय घेऊन बसलोय. मराठीत लिहिलं, "सुमे, तिथलं पिठलं कसं असतं गं?" पुढं सुचत नाही. आणि इतक्या पोरांना पत्रं लिहायला शिकवली मी.