डावा तळहात

उदगीर,
३ फेब्रुवारी १९८३

चि. मन्मथ यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इथं मी आणि तुझी लेक नीलू बऱ्या आहोत. तारामती बाळंतीण आहे, तिला जडशीळ उचलू देऊ नकोस. लातूर नवा जिल्हा झाला तरी तुमच्या खोलीतला नळ कोरडाच, हे वाचून हसावं की रडावं कळेना. इथंही यंदा पावसानं दगा दिल्यापासून टँकरची वाट बघण्यात निम्मा दिवस जातो. शेजारची लक्ष्मम्मा रांगेत माझी घागर धरून ठेवते, म्हणून निभतंय.

नीलूच्या अभ्यासाबद्दल तू जे लिहिलंस ते पत्र म्हणावं की परिपत्रक? नव्या कलेक्टर कचेरीत बसून हुकूम सोडायची सवय लागलेली दिसते. शाळेतून आली की लगेच बसवावं, अवघड गणितं आधी, शुद्धलेखन शेवटी, मधे उठू देऊ नये. आणि एवढं करूनही गृहपाठ वेळेत झाला नाही तर चौथीनंतर शाळा बंद, घरकामाला लाव. हे शेवटचं वाक्य मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. तिनं माझ्या खांद्यावरून आपणच वाचलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

तू सांगितलेलं सगळं मी करून पाहिलं. पाण्याची एक खेपसुद्धा तिला सांगितली नाही. तरी दिवेलागणीपर्यंत अर्धं पान होईना. तोंडी विचारावं तर पाढे घडाघडा म्हणते, पेन्सिल धरली की घाम फुटतो. बसायची तीही वाकडी, एक हात मांडीखाली घालून. 'नीट बस' म्हणून मीच ओरडायची.

पाणी बेताचं, त्यामुळे हल्ली आमच्या दोघींच्या आंघोळी आणि पूजा मागंपुढं उरकतात. या सोमवारी मात्र शेजारी शेजारी बसलो. मी विभूती लावली, तिच्या गळ्यातलं लिंग काढून तिच्यापुढं धरलं, तर पोरीनं उजवा तळहात पुढं केला. श्रावणात लिंगदीक्षा झाल्यापासून आपल्या रीतीनं न चुकता डाव्या तळहातावर लिंग घेऊन उजव्या हातानं पूजणारी पोर.

मी म्हणाले, "आगं, डावा हात कर की पुढं."

तिनं डावा हात पाठीमागं लपवला. "न्हाई आत्या. त्यो घाण हाय. बाबा म्हनलेत."

मन्मथ, इतका वेळ पाण्यापावसाचं लिहीत बसले ते हे लिहायचं टाळायला. पोरीनं मग सगळं सांगितलं. संक्रांतीला तू आला होतास. मी टँकरवर गेले, तेव्हा तू तुझ्या रुमालानं तिचा डावा हात खाटेच्या पायाला बांधलास आणि उजव्या हातानं धडा लिहायला लावलास. डावखुऱ्या पोरीला उद्या कोण करून घेणार, असंही तिला ऐकवलंस. नऊ वर्षांच्या पोरीला. जाताना शाळेत गुरुजींनाही सांगून गेलास. तू गेल्यावर तिला कुणी बांधलं नाही. ती आपणहून त्या हातावर बसत होती.

मला तुझी लाज वाटली. चीड तर अशी आली की तू समोर असतास तर बायकापोरांचा धनी आहेस हे मी बघितलं नसतं.

संध्याकाळी मी पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिली. तिनं आधी दाराकडं बघितलं. मग लिहायला लागली. मी भाकरी थापत होते. परातीतलं पीठ संपायच्या आत शुद्धलेखन, गणितं, सगळं हातावेगळं करून ती लक्ष्मम्माच्या अंगणात खेळायला गेलीसुद्धा. तुला गृहपाठ लवकर व्हायला हवा होता ना? झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, "मला काय अडचण न्हाई बाई. तिच्या वडलांनीच सांगितलं व्हतं, डावा हात दिसला की छडी मारा म्हनून."

मी म्हणाले, "आता तिची आत्या सांगायली, मारू नका."

नीलू चौथी पास होईल, पाचवीत जाईल आणि डाव्याच हातानं लिहील. हे मी तुला विचारत नाही, कळवते आहे. मान्य नसेल तर येत्या शिवरात्रीला ये आणि तुझी मुलगी घेऊन जा. मात्र नेण्याआधी आंघोळ करून माझ्या शेजारी पूजेला बसायचं. तुझा डावा हात मी खाटेला बांधीन. तू लिंग उजव्या तळहातावर घ्यायचं आणि पोरीच्या डोळ्यांदेखत पूजा पुरी करायची. जमलं तर ने तिला.

तुझ्यापेक्षा थोरली,
शिवकांता